बारावी चालपट्टी

१

मंगळवार आणि शुक्रवार हे दोन दिवस माझ्या राशीला बसलेले आहेत. वर्ग साडेदहाला. म्हणजे यांची गोळी पावणेदहाला, म्हणजे खाणं साडेआठच्या आत, कारण भरल्या पोटी ती गोळी लागू पडत नाही, म्हणजे अंघोळ पावणेआठला. यातलं एक काम दहा मिनिटं पुढे सरकलं की पुढचा सगळा दिवस ओंफस. गोळीचा अंमल चढायच्या आत निघालो तर जिन्यात मध्येच यांचे पाय जमिनीला चिकटतात. मागे माणसं खोळंबतात आणि वरून सल्ले देतात, "काका, डावा पाय उचला." अहो, तो उचलता आला असता तर यांनी हौसेने तिथे मुक्काम ठोकला असता का?

कंपवाताचं हे सातवं वर्ष. माझा नवरा पेंटर, म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. फूटपट्टी न लावता सहा फूट सरळ रेघ ओढायचे, आणि तीही शिडीवर उभं राहून. आता त्याच हातात चहाचा कप दिला तर अर्धा चहा बशीत आणि उरलेला माझ्या अंगावर.

गेल्या वर्षात हे दोनदा पडले. दुसऱ्या वेळी खुब्यात सळी घालावी लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता पडले तर पलंगावरून उठणार नाहीत." तेव्हापासून मला जगात एकच काम आहे. यांना पडू द्यायचं नाही. माझा हात धरल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही हा घरातला कायदा. हे तो पाळतात, कारण हात धरल्याशिवाय यांचं पाऊल पडतच नाही.

आणि हा चित्रांचा वर्ग. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान, सगळे तिला चित्रताई म्हणतात. तिचं म्हणणं असं, की जमिनीवर आडवी रेघ दिसली की चिकटलेला पाय ती ओलांडायला सुटतो. का सुटतो ते मला विचारू नका, पण सुटतो. म्हणून वर्गात प्रत्येकाने जाड कागदाच्या हातभर पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ठसठशीत रेघ रंगवायची. टेबलावर ताल देणारं एक यंत्र टकटक करत असतं, त्या तालावर खांद्यातून हात फिरवायचा. वाळलेल्या पट्ट्या घरी न्यायच्या आणि पावलापावलावर जमिनीला चिकटवायच्या. चित्रताई त्यांना चालपट्ट्या म्हणते. हाताला व्यायाम आणि पायाची सोय.

दुसऱ्याच वर्गात यांनी एका पट्टीला पंचवीस मिनिटं लावली. ब्रश कागदावर टेकलेला आणि हात जागच्या जागी थडथडतोय. मी एकतीस वर्षं शिवणाच्या वर्गात पोरींचे हात धरून सरळ शिवण शिकवली आहे. मला काही बघवेना. धरला यांचा हात आणि ओढली रेघ. चित्रताई लगबगीने आली. "काकू, असं नाही करायचं. ती रेघ तुमची झाली." त्या दिवसापासून माझी रवानगी बाहेरच्या बाकावर.

२

चौथ्या आठवड्यातला शुक्रवार. यांना खुर्चीवर बसवून, गळ्यात एप्रन अडकवून मी खाली औषधांच्या दुकानात गेले. तिथला माणूस एकेक गोळी उलटीसुलटी करून बघत होता, विकत घेणारा तोच असल्यासारखा. पाऊण तास मी रांगेत उभी. वर आले तर चित्रताई दारातच.

"काकू, आपलं ठरलं होतं ना?"

"काय ठरलं होतं?"

"हात धरायचा नाही म्हणून."

मी पिशवी तिच्यासमोर धरली. "ही बघ औषधं. ही पावती. पाऊण तास मी खाली तंगड्या मोडत होते."

ती गोंधळली. म्हणाली, "मी मॅनेजरकाकांकडे होते, मी काही पाहिलं नाही. पण रेघ बघा ना तुम्ही."

मॅनेजर म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. दोघांचा आजार एकच, गोळीही एकच.

मी रेघ बघितली. मॅनेजरांची पट्टी नेहमीसारखी होती, सगळीकडून कुरतडल्यासारखी. यांच्या पट्टीवर काळी, दोन बोटं रुंद, सरळ रेघ. कुठे थरथर नाही, कुठे रंगाचा डाग नाही.

मला वाटलं, जुना हात परत आला. मी खोटं सांगत नाही, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "अहो, केवढी छान ओढलीत."

हे हळूच म्हणाले, कारण आता यांचा आवाज तेवढाच उरला आहे, "मी कुठे? तू धरला होतास की हात."

३

त्यावरून घरी येईपर्यंत भांडण. म्हणजे भांडत मी होते. हे एक वाक्य बोलायला चार पायऱ्या घेतात, तोवर माझी दहा झालेली असतात.

"मी खाली होते."

"आधी होतीस खाली. मग आलीस."

"पावतीवर वेळ छापलेली आहे."

"असेल."

या 'असेल'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चाळीस वर्षं जात आली आहे.

दुपारी हे झोपल्यावर मी ती पट्टी खिडकीशी नेली आणि शिवणाची टेप लावून बघितली. दोन्ही कडा समांतर, सुताइतकाही फरक नाही. मग उजव्या टोकाशी माझं लक्ष गेलं. तिथे रेघ संपून पुन्हा अर्धा बोट मागे आली होती. रंगावर रंग चढून तेवढाच भाग जास्त काळा झाला होता.

शिवण संपली की सुई जरा मागे घेऊन टाका पक्का करतात, नाहीतर उसवते. मी कापडावर खडूने रेघ मारतानाही शेवटी हात तसाच मागे घेते, ही माझी खोड आहे. पोरी मला हसायच्या. कुठलाही पेंटर असं करणार नाही. रंग जाड होतो, पाटी खराब होते. हे तर माझ्या या खोडीवर आयुष्यभर चिडत आले.

मी स्वतःची समजूत घातली. एवढी वर्षं एका घरात राहिलं की एकमेकांच्या सवयी लागतात. पट्टी गुंडाळून ठेवली आणि भाजी चिरायला बसले. त्या दिवशी मी दोनदा बोट कापून घेतलं.

४

पलंगापासून न्हाणीघरापर्यंत अकरा पट्ट्या लागत होत्या. पुढच्या पाच वर्गांत यांनी अकरा पूर्ण केल्या, सगळ्या तशाच सरळ आणि प्रत्येकीच्या टोकाला तो मागे घेतलेला टाका. या पाचही वेळा मी बाहेरच्या बाकावर होते. दाराच्या काचेतून मी चित्रताईला दिसत होते, त्यामुळे तिने मला दोष देणं सोडलं. ती म्हणायला लागली, "काकांची प्रगती विलक्षण आहे." तिने फोटोही काढले.

मी गुडघ्यांवर बसून पट्ट्या चिकटवल्या. चिकटपट्टीची टोकं तिरकी कापली, म्हणजे पायाला लागून सुटत नाहीत. कंबरेचा पार भुगा झाला, पण म्हटलं, लागू पडलं तर मला दिवसातून दहा वेळा उठायला नको.

आणि लागू पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. पावलांचा आवाज आला. एक, दोन, तीन, न अडखळता. पिठाच्या हातांनी बाहेर धावले, तर हे घरातल्या बोळातून चालत होते. एकटे. एकेक पट्टी ओलांडत, ताठ मानेने. मी श्वास रोखून उभी राहिले. देवा, एवढं तरी दिलंस, असं मनात आलं.

मग मला यांचा डावा हात दिसला. तो अंगापासून जरा दूर होता, कोपरात वाकलेला, बोटं मिटलेली. माझा हात धरून चालतात तेव्हा असतो तसा. फक्त मी सात हातांवर उभी होते.

न्हाणीघराच्या दाराशी पोचल्यावर हे डावीकडे मान वळवून म्हणाले, "हं. आता सोड."

बोटं उघडली आणि हात खाली आला.

५

लेकीला फोन केला. ती दूरच्या शहरात असते आणि तिथून सगळं समजतं असा तिचा समज आहे.

"आई, त्या गोळीने माणसं दिसतात. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. घाबरू नकोस, वाद घालू नकोस."

"मी कशाला घाबरू? मला वैताग आलाय."

"मग डोस कमी करून घेऊ."

"कमी केला की पाय चिकटतात, पाय चिकटले की पडतात. तू येणार आहेस का उचलायला?"

मला वाईट वाटलं, पण फोन मी आधी ठेवला.

तिचं खरंच होतं. गोळीने दिसतं, हे मला पटत होतं. पण सरळ रेघ माझ्या डोळ्यांना दिसत होती, आणि मी रक्तदाबाखेरीज कुठलीही गोळी घेत नाही. म्हणून पुढच्या मंगळवारी मी बाकावर बसले नाही. वर्गाच्या दाराला काचेची उभी फट आहे, तिला डोळा लावून उभी राहिले. जाणारायेणारे काय म्हणत असतील ते म्हणोत.

आत यंत्र टकटक करत होतं. हे पट्टीवर ब्रश टेकवून बसले होते आणि हात थडथडत होता. चित्रताई खोलीच्या दुसऱ्या टोकाला रंग कालवत होती. एवढ्यात मॅनेजरांनी मान वर केली, आपली खुर्ची कष्टाने वीतभर बाजूला सरकवली आणि मधल्या मोकळ्या जागेला म्हणाले, "या वहिनी. बसा."

यांच्या हाताची थरथर थांबली. हळूहळू कमी झाली असं नाही. चालतं मशीन हाताने धरून थांबवावं तशी थांबली. मग मला यांच्या हाताची पाठ दिसली. चार ठिकाणी कातडी दबून पांढरी झाली होती, अंगठ्याच्या बाजूला एका ठिकाणी. रेघ निघाली, टोकाला गेली, अर्धा बोट मागे आली. पांढरे ठसे हळूहळू भरून लाल झाले.

मी दार ढकलून आत गेले. मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या मोकळ्या जागेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांचा चेहरा आजाराने लाकडी झालेला आहे, त्याच्यावर काही उमटत नाही. पण पुढचा सगळा वेळ त्यांनी मान खाली घातली आणि पट्टीला हात लावला नाही.

यांच्यासमोर वाळत पडलेल्या पट्टीच्या कोपऱ्यात आकडा घातला होता. बारा.

६

"अकरा झाल्या," मी घरी आल्यावर म्हटलं. "न्हाणीघर आलं. आता बारावी कशाला?"

"दारापर्यंत," हे म्हणाले.

"कुठल्या दारापर्यंत?"

"आपल्या. बाहेरच्या. तूच म्हणालीस, दारापर्यंत करा, मग जिन्यापर्यंत. मग सुटलो."

मी असं काही म्हटलेलं नाही. म्हणजे यांना तरी नाही. कधी स्वयंपाकघरात भांडी आपटताना 'सुटेन एकदाची' असं तोंडातून गेलं असेल. कुणाच्या जात नाही? ते काय कुणी ऐकावं म्हणून म्हणतं माणूस?

"उद्यापासून वर्ग बंद," मी म्हटलं.

यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं आणि तसंच गालावरून खाली गेलं. पुसायला हात वर येईना. मी पदराने पुसायला गेले तर यांनी मान मागे घेतली.

"तिथे तू चिडत नाहीस," हे म्हणाले.

"काय?"

"तिथे हात धरतेस तेव्हा. घाई करत नाहीस. किती वेळ लागला तरी बसून राहतेस." आणि मग, "गुणगुणतेस."

मला वाटलं होतं की मला भीती वाटेल. भीती नंतर वाटली. आधी जे वाटलं ते वेगळंच होतं, आणि ते सांगायला लाज वाटते. सात वर्षं मी या माणसाला अंघोळ घातली, भरवलं, रात्री-बेरात्री कूस बदलून दिली. आणि यांना आवडली ती कोण, तर माझ्यासारखीच, फक्त न चिडणारी. तिला काय जातंय गुणगुणायला. चादरी कोण धुतं?

तरी मी यांना आणखी तीन आठवडे वर्गाला नेलं. यांच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे मी हात टेकले. पण मी आत बसायचं असं चित्रताईला ठणकावून सांगितलं. मी यांच्या डाव्या बाजूला, खुर्चीला खुर्ची लावून बसले. तरी रेघा सरळच येत राहिल्या. मॅनेजर यायचे बंद झाले होते. घरी आलं की नव्या पट्ट्या मी गुंडाळून कपाटावर टाकत होते, जिथे यांचा हात जन्मात पोचला नसता. जमिनीवर अकराच ठेवल्या.

७

त्या गुरुवारी दुपारी हे झोपले होते. दूध संपलं होतं. दार ओढून घेतलं, लॅच आपोआप बसतं. ते आतून फिरवायला बोटांत जोर लागतो, तो यांच्यात नाही. वीस मिनिटांत परत आले. पिशवी घेऊन जिना चढले, वळणावर दम खायला थांबले आणि वर बघितलं.

आमचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यापासून जिन्यापर्यंत कपाटावरच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, पावलापावलावर, ओळीत. चिकटपट्टीची टोकं तिरकी कापलेली. शेवटची पट्टी सगळ्यात वरच्या पायरीच्या कडेला होती आणि हे तिच्यावर उभे होते. सपातांची टोकं पायरीबाहेर.

डावा हात अंगापासून दूर, बोटं मिटलेली. आणि हे हसत होते. मला दोन वर्षांत यांचं हसू दिसलं नव्हतं, कारण या आजारात चेहऱ्याचे स्नायूच ऐकत नाहीत. त्या दिवशी सगळा चेहरा हसत होता. डावीकडे बघून.

ओरडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. दचकले तर संपलं. माझ्या आणि यांच्या मधे नऊ पायऱ्या. मी पिशवी सोडली आणि जितकं गोड बोलता येईल तितकं गोड म्हटलं, "अहो, तिथेच थांबा हं. मी येते."

यांनी माझ्याकडे बघितलं. हसू गेलं. अनोळखी माणसाशी बोलावं तसं, अदबीने म्हणाले, "बाई, जरा वाट देता का? आम्हाला खाली जायचंय."

मी एकेक पायरी चढत होते आणि गोडगोड बोलत होते, राजा म्हटलं, सोन्या म्हटलं, लग्नापासून कधी म्हटलं नव्हतं ते सगळं म्हटलं. हे ऐकतच नव्हते. उजवा पाय उचलला गेला. हवेत आला.

मग माझा ताबा सुटला. "पाय मागे घ्या आधी. काय चाललंय हे? सळी काय हौसेने घातली का खुब्यात? मुकाट्याने पाय मागे."

पाय थांबला. यांनी माझ्याकडे पुन्हा बघितलं, आणि या वेळी ओळखलं. चेहरा हळूहळू लाकडी झाला. उजवा हात थरथरत माझ्याकडे आला. "अगं," म्हणाले, "दूध सांडलं."

उरलेल्या पायऱ्या चढून मी यांच्या बाजूने वर गेले, उजवा हात पकडला आणि मागे ओढलं. हे येईनात. उजवी बाजू येत होती, डावी तिथेच. डावा हात हवेत तसाच, ताठ. मी पुढे होऊन यांच्या डाव्या मनगटाला हात घातला.

माझ्या तळव्याखाली मनगट लागलं नाही. मनगटाच्या वर बोटं होती. कोरडी, कोमट, खरखरीत. कात्री धरून धरून माझ्या अंगठ्याच्या सांध्यावर घट्टा पडलेला आहे, लहान, वाटाण्याएवढा. तो मला माझ्याच तळहातात टोचला.

किती वेळ, सांगता येणार नाही. मी म्हटलं, "सोड." आणि सुटलं. आम्ही दोघांनी मागे, दाराच्या बाजूला, एकमेकांच्या अंगावर बसकण मारली. यांना खरचटलंसुद्धा नाही.

८

सगळ्या पट्ट्या मी त्याच दिवशी उपटल्या, अकरा धरून, आणि फाडून कचऱ्यात टाकल्या. वर्ग बंद केला. चित्रताईचे फोन उचलले नाहीत. दाराला वरची कडी लावून घेतली.

आता पट्ट्या नाहीत, म्हणून पुन्हा मी. पलंग ते न्हाणीघर, न्हाणीघर ते पलंग. हे सोडायला तयार असतात, मी सोडत नाही. बसलेले असतानाही हात हातात ठेवते. चार आठवडे झाले. माझा उजवा खांदा रात्री ठणकतो, बोटं सकाळी उघडत नाहीत. लेक म्हणते बाई ठेव. ठेवली होती, तीन दिवसांत गेली. म्हणाली, तुम्ही घरात असताना मला कशाला ठेवलंत, तुम्हीच तर सगळं करता, मी न्हाणीघराशी जाते तर तुम्ही आधीच तिथे. मी काही विचारलं नाही. पगार देऊन टाकला.

काल दुपारी चार वाजता, एक गोळी उतरलेली आणि दुसरी चढलेली नाही अशा वेळी, आम्ही बोळात अडकलो. मधोमध. यांचे पाय चिकटले आणि सगळा भार माझ्यावर. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी रागावले, मोजलं, माझा पाय यांच्या पायापुढे आडवा ठेवून बघितला. काही नाही. माझा हात खांद्यापासून बधिर झाला होता. मला फक्त बसायचं होतं. पाच मिनिटं, भिंतीला टेकून, कुणीही काही न मागता.

"दमलीस," हे म्हणाले.

"दमले," मी म्हटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा भार हलका झाला. एकदम नाही, अलगद. कुणीतरी पलीकडून यांच्या बगलेत हात घालून उचलून धरावं तसा. यांचं अंग सरळ झालं. यांनी मान डावीकडे वळवली. मी त्या बाजूला बघितलं नाही. पण ऐकू आलं, अगदी बारीक, ओठ मिटून, शिवणाच्या वर्गात मशीन चालवताना मी गुणगुणायची तसं. ते गाणं मी किती वर्षांत म्हटलेलं नाही.

मी रागवायला तोंड उघडलं आणि मला राग येईना. इतकं बरं वाटत होतं.

मी करंगळी सोडली. हे पडले नाहीत. मग तिच्या शेजारचं बोट सोडलं.